विचारलं तेवढंच

"आईला सांग, चहात साखर जास्त झालीय."

मामंजी पडवीतल्या आरामखुर्चीत बसले होते आणि मी आत चुलीपाशी. मध्ये एक भिंत. त्यांचं बोलणं मला शब्दन् शब्द ऐकू आलं होतं. तरी मी निरोपाची वाट बघत बसले.

चारू आत आली. चौकटीला धरून तिने एक झोका घेतला आणि म्हणाली, "आई, आबा म्हणतात, साखर जास्त झालीय. पण कप सगळा संपवलाय. बशीतलाही."

"त्यांना विचार, दुसरा करून देऊ का."

ती बाहेर पळाली. "आबा, आई विचारते दुसरा करू का. बिनसाखरेचा कडू लागतो, तर थोडा गूळ घालायचा का?"

"गुळाचं तुझी आई म्हणाली?"

"नाही. ते माझं."

"निरोप जसाच्या तसा सांगावा बाळ. त्यात पदरचं घालू नये."

"पण मग मी सांगितल्यासारखं काय झालं?" चारू म्हणाली.

मी आत तोंडाला पदर लावून हसले. मामंजी हसले की नाही, ते मला भिंतीमुळे दिसलं नाही.

त्या काळी आमच्यात सून सासऱ्यांशी थेट बोलत नसे. डोक्यावर पदर घ्यायचा, दाराआड उभं राहायचं आणि घरात जे पोर असेल त्याच्या तोंडून बोलायचं. पोर नसेल तर भिंतीला सांगायचं. लग्नाला दहा वर्षं होत आली होती, सणावाराला सासरी जाणंयेणं होतं, पण मामंजींशी मी एक शब्दही बोलले नव्हते. आजच्या मुलींना हे सांगितलं की त्यांना हसू येतं. हसू दे. आम्हाला त्यात काही जगावेगळं वाटत नसे.

सासूबाई गेल्या आणि मामंजी आमच्याकडे राहायला आले. आमचे हे पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. पाटाच्या काठावर आमची चौकी. दोन खोल्या, पडवी, अंगणात एक कडुनिंब, कडेला विहीर. शेजार नाही. गाव शेतांच्या पलीकडे, शाळाही तिकडेच. चारू त्या शाळेत एक वर्षही पुरतं गेली नाही. मी तिला घरी ठेवून घेतली होती.

त्याचं कारण असं की तिथे उत्तर चुकलं की कान धरून उभं करायचे. आमची पोर मुळात बडबडी. काहीबाही विचारायची, मास्तरांना ते उलट बोलणं वाटायचं, मग कान धर. दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्यापुढे पाटी ठेवली, सहज, खेळता खेळता काही काढील म्हणून. पाटी दिसल्याबरोबर तिचे दोन्ही हात वर गेले आणि तिने आपलेच कान धरले. मी काही विचारलंही नव्हतं.

सुट्टी संपली. मी तिला पाठवली नाही.

मी स्वतः सातवी पास. शिकवतात कसं ते मला कोणी शिकवलेलं नव्हतं. मी ती पाटी कोठीच्या मागे सारली आणि मनाशी एवढंच ठरवलं की या पोरीला आपण काही विचारायचं नाही. ती विचारील तेवढंच सांगायचं. त्याच्या पुढे एक अक्षर नाही. ऐकायला सोपं वाटतं. करायला फार जड जातं. समोर पोर बसलेली असते, भिंतीवर कॅलेंडर असतं, आणि 'हा आकडा कोणता गं' हे ओठांवर येतं. ते गिळायचं. बरेच दिवस तिने काहीच विचारलं नाही. पाटावर जाऊन बसायची आणि काड्या सोडायची.

मग एकदा फडताळातले डबे मी पुसायला काढले होते. खाली वर्तमानपत्र अंथरलेलं. ती म्हणाली, "हे काय लिहिलंय?"

"गोळ्या," मी म्हटलं आणि डबे पुसत राहिले.

"यातला 'गो' कुठला?"

मी बोट ठेवलं.

"आणि कशाच्या गोळ्या?"

"डोकेदुखीच्या."

एवढंच. त्या फडताळातला कागद तिने पुढे उलटासुलटा करून सगळा वाचला. मग दुसऱ्या फळीवरचा. पाटाच्या दाराजवळ पाणी मोजायची पट्टी होती, तिच्यावर आकडे रंगवलेले. यांच्या मागे मागे जाऊन ते आकडे ती आपण होऊन शिकली. संध्याकाळी हे सायकलवरून उतरले की ओरडायची, "बाबा, आज दोन पॉइंट चार!" हे पट्टी बघून यायचे आणि म्हणायचे, "बरोबर आहे की गं." दशांश अपूर्णांक म्हणजे काय, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि ते अवघड असतं हेही कोणी सांगितलं नव्हतं.

मामंजी आले तेव्हा आमचं हे असं चाललं होतं.

आल्यावर दोनतीन दिवस त्यांनी नुसतं बघितलं. मग जेवताना यांना विचारलं, "हिला पाढे कुठवर येतात?"

"येतात थोडे."

"थोडे म्हणजे?"

यांनी माझ्याकडे बघितलं. मी वाढत होते. मला बोलता येत नव्हतं आणि चारू भात कालवत होती, तिला मध्ये घालणं मला बरं दिसलं नाही.

"दिगंबर, मास्तराची नात आहे ती," मामंजी म्हणाले. "लोक मला विचारतात, गुरुजी, नात कितवीत आहे? मी काय सांगू? पाटावर काड्या सोडते?"

मामंजी वाईट नव्हते, हे मला आधीच सांगितलं पाहिजे. आमच्या भागात काकडे गुरुजी म्हटलं की लोक पायातल्या वहाणा काढून उभे राहत. त्यांच्या हाताखालून गेलेले मामलेदार होते, डॉक्टर होते. आयुष्यात त्यांनी छडी वापरली नाही. आवाजसुद्धा चढवला नाही. त्यांच्याकडे एकच गोष्ट होती, परवचा. दिवेलागणीला पोरांना ओळीने बसवायचं आणि पाढे म्हणून घ्यायचे, साधे झाले की पाव, अर्धा, पाऊणचे, म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी, मग महिने, तिथी, नक्षत्रं. चूक झाली तर ते रागवत नसत. अगदी शांतपणे एवढंच म्हणत, "पहिल्यापासून."

चारूचा परवचा दुसऱ्याच दिवशी सुरू झाला.

पहिले काही दिवस तिला गंमत वाटली. बे एके बेला ती टाळ्या वाजवायची, माना हलवायची. मामंजींनी टाळ्या बंद केल्या. मग एका संध्याकाळी मी दिव्याची काजळी पुसत होते आणि बाहेर तेराचा पाढा चालला होता.

"तेरा साती एक्याण्णव," चारू म्हणाली आणि थांबली. "आबा, एक्याण्णवच का?"

"तसंच आहे म्हणून."

"पण तेराच्या सात ओळी मांडल्या आणि एक ओळ चुकून..."

"पहिल्यापासून."

"चुकले नाही मी आबा. मी विचारत होते."

"मध्ये थांबलीस म्हणजे चुकलंच. पहिल्यापासून."

ती पहिल्यापासून म्हणाली. तेरा एके तेरापासून नाही, बे एके बेपासून. पुन्हा तेरा सातीला आली. या वेळी थांबली नाही.

मी यांना सांगितलं. हे दुपारी अंगणात सायकल उलटी करून साखळीला तेल देत होते.

"अहो, आबांना सांगा ना. इतकं नको म्हणावं."

"काय सांगू? मारतात का तिला? ओरडतात?"

"नाही."

"मग? मीही त्यातूनच गेलो. शिकलोच की."

"तुम्ही आपण होऊन शेवटचं पुस्तक कधी वाचलंत?"

मला हे विचारायचं नव्हतं, निघून गेलं. यांनी चाक फिरवलं. ते फिरत राहिलं, आणि हे त्याच्याकडे बघत राहिले.

"खात्याचे नियम वाचतो," शेवटी म्हणाले.

त्यानंतर मी यांच्यापाशी तो विषय काढला नाही. मामंजींना मी काही सांगू शकत नव्हते. सांगायचं तर चारूच्या तोंडून, आणि हे काय चारूच्या तोंडून सांगण्यासारखं होतं?

पोर शहाणी होत चालली, असं कोणीही बघणारा म्हणाला असता. तिचे पाढे वीसच्या पुढे गेले, पावकी झाली, निमकी झाली. ती वेळेवर हातपाय धुऊन बसू लागली. फडताळाकडे फिरकेना. पट्टीवरचा आकडा सांगेना. हे सायकलवरून उतरले की क्षणभर थांबायचे, मग आत यायचे. एक दिवस यांनीच विचारलं, "काय गं, आज पाणी किती?" चारूच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. "बघितलं नाही बाबा," ती म्हणाली. "उद्या बघते. उद्या नक्की सांगते." आपण जणू काही चोरी केली आहे, अशा आवाजात.

मला खरी धास्ती मात्र निरोपांनी भरली. मामंजी म्हणायचे, "आईला सांग, धोतर वाळलं का बघ." चारू आत यायची, सरळ उभी राहायची आणि म्हणायची, "धोतर वाळलं का बघ." बस. दोरीवर कावळा बसलाय, धोतराला भोक पडलंय, आबांच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलीय, यातलं काही नाही. मी मुद्दाम थांबायची. म्हणायची, "आणि?"

"आणि काही नाही. एवढंच सांगितलंय."

मामंजींना ते फार आवडलं होतं. "आता कशी नीट बोलते," ते यांना म्हणाले. "मुलगी तल्लख आहे दिगंबर. हिला इथे ठेवून वाया घालवायची नाही. नगरला मुलींच्या शाळेचं वसतिगृह आहे. तिथल्या मोठ्या बाई माझ्याच विद्यार्थिनी. तोंडी परीक्षा घेतात आणि वरच्या वर्गात बसवतात. मी पत्र टाकलंय."

हे काही बोलले नाहीत. आमच्या घरात न बोलणं म्हणजे होकार.

त्या आठवड्यात पाटाला पाणी सोडायची पाळी संपली आणि वरून दारं बंद झाली. पाणी उतरलं की पाटाच्या तळाशी डबकी राहतात, त्यांत मासे, खेकडे, झिंगे, कधी एखादं कासव अडकून पडतं. बगळे उतरतात. आदल्या वर्षी पाट बंद झाला तेव्हा चारूला मी जेवायला ओढून आणायची. हाताला शेवाळ, फ्रॉकला चिखल, आणि तोंड अखंड चालू. माशाला पापण्या का नाहीत? पाणी गेलं हे त्याला कसं कळतं? बगळा एका पायावर उभा असतो, तर दुसरा दमलेला असतो का? मला यातलं एकही येत नव्हतं. मी 'माहीत नाही' म्हणायची, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. ती पुन्हा बघायला पळायची.

या वेळी सकाळपासून ती पडवीच्या पायरीवर बसून होती. पाट समोरच. बगळे आले होते. मी दोनदा भांडी घासायच्या निमित्ताने बाहेर आले. तिचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. जवळ गेले तेव्हा ऐकू आलं. पाऊणकी म्हणत होती.

"चारू, पाटात मासे अडकलेत बघ."

तिने डोळे उघडले. पाटाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. "आई, मध्ये बोलू नको ना. आता पहिल्यापासून म्हणावं लागेल."

मी आत आले. परातीत पीठ घेतलं. पाणी घातलं आणि तशीच बसून राहिले.

थोड्या वेळाने मामंजींचा आवाज आला. "आईला सांग, शनिवारी निघायचं. दोन्ही फ्रॉक धुऊन ठेव. वाटेत खायला दशम्या लागतील."

चारू आत आली. "शनिवारी निघायचं. दोन्ही फ्रॉक धुऊन ठेव. वाटेत खायला दशम्या लागतील."

"तुला जायचंय का गं?"

ती गोंधळली. मी तिला बऱ्याच दिवसांत काही विचारलं नव्हतं. तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, जणू याचं उत्तर कुठेतरी पाठ केलेलं असेल आणि आठवत नसेल.

"आबांनी ते सांगितलं नाही," ती म्हणाली.

मी हात धुतले. पदर डोक्यावरून घेतला आणि पडवीत गेले. दाराआड थांबले नाही.

"मामंजी, चारू नगरला जाणार नाही."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. मामंजींनी वर बघितलं आणि लगेच नजर बाजूला नेली. ते चारूला शोधत होते. ती माझ्या मागून आली होती.

"चारू," ते म्हणाले, "आईला विचार, तिला काय झालंय."

चारू माझ्याकडे वळली. "आई, तुला काय झालंय?" तिच्या बोलण्यात काळजी नव्हती, भीतीही नव्हती. नुसता निरोप.

"तिला मध्ये घेऊ नका," मी म्हटलं. "मी इथे उभी आहे. मला विचारा."

मामंजींनी आरामखुर्चीचे हात धरले. मग म्हणाले, "बोल."

"तिला सगळं आलं. तुमच्याइतकं चांगलं तिला कोणी शिकवलं नसतं. पण ती आता काही विचारत नाही."

"लहान मुलांनी काय विचारायचं? आधी पाठ होऊ दे. विचारायला सगळा जन्म आहे."

"सकाळपासून ती पायरीवर डोळे मिटून बसलीय. समोर पाट बंद झालाय. तिने एकदाही बघितलं नाही."

"ती उजळणी करतेय." त्यांचा चेहरा जरा उजळला. "मी सांगितलेलंसुद्धा नाही. आपण होऊन करतेय."

"आपण होऊन नाही मामंजी. भीतीने."

"भीती?" ते खुर्चीत पुढे झाले. "मी कधी हात उगारला?"

"नाही."

"आवाज चढवला?"

"कधीच नाही."

"मग भीती कसली? पोरं मला भीत नाहीत, सूनबाई. कधीच भीत नव्हती. चारू, इकडे ये. घाबरू नको. खरं सांग, तुला माझी भीती वाटते?"

चारू त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. उत्तर काय द्यायचं ते तिला कळेना. तिचे दोन्ही हात हळूहळू वर गेले आणि तिने आपले कान धरले.

मामंजी शिक्षक होते. त्यांना ते काय आहे हे सांगावं लागलं नाही. त्यांनी हात पुढे करून तिचे हात कानांवरून सोडवायचा प्रयत्न केला. तिने घट्ट धरले होते.

"हे मी शिकवलं नाही," ते म्हणाले.

"नाही. ते गावातल्या शाळेतलं आहे. गेलं होतं. परत आलं."

मी चारूला जवळ घेतली आणि आत पाठवली. मामंजींनी चष्मा काढला. काडी दोऱ्याने बांधलेली होती, ती सुटली. ती पुन्हा बांधायला त्यांनी सुरुवात केली. त्यांना जमत नव्हतं. मी बघत उभी राहिले. मला वाटलं होतं ते चिडतील, म्हणतील की या घरात मला किंमत नाही. त्यासाठी मी मनात उत्तरं तयार ठेवली होती.

"मग मी तिच्याशी बोलू काय?" ते म्हणाले.

त्यात टोमणा नव्हता. ते खरोखर विचारत होते.

अंगणात सायकल हातात धरून हे उभे होते. कधी आले होते, कोण जाणे. यांनी सायकल कडुनिंबाला टेकवली आणि विहिरीकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींनी ट्रंक काढली. आपल्या गावी जातो म्हणाले. तिथे घर बंद आहे, भाऊबंद आहेत, कोणीतरी भाकरी देईल. हे समोर बसले. मग म्हणाले, "आबा, मीही हिच्याशी काही बोलत नाही. पाणी किती, एवढंच. मला वाटायचं, मला वेळ नसतो."

"मी तुझ्याशी बोललोच ना रे?"

"हो. परवचा."

मामंजींनी धोतराची घडी ट्रंकेत ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली. "तुझी आई बोलायची तुमच्याशी," ते म्हणाले. "मला वाटायचं, ते बायकांचं काम."

मी दारातच होते. "जाऊ नका," मी म्हटलं. दुसऱ्यांदा बोलणं पहिल्याइतकं अवघड नसतं.

"राहून काय करू? मला दुसरं काही येत नाही."

"मलाही येत नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "मग तू काय केलंस?"

"काही नाही. गप्प बसले. तिच्या आसपास कामं करत राहिले. तिने विचारलं की विचारलं तेवढंच सांगितलं."

"किती दिवस?"

"मोजले नाहीत."

"चाळीस वर्षं मी पोरांना गप्प बसवलं," मामंजी म्हणाले. "स्वतः कधी गप्प बसलो नाही." आणि मग जरा चिडूनच, "हे शिकवणं आहे का?"

यांनी ट्रंक उचलली आणि पुन्हा आत नेऊन ठेवली. मामंजींनी अडवलं नाही. दुपारी त्यांनी नगरला दुसरं पत्र लिहिलं, की मुलगी यंदा येणार नाही.

त्या संध्याकाळी दिवा लागला. चारू सवयीने हातपाय धुऊन त्यांच्यापुढे मांडी घालून बसली. मामंजी म्हणाले, "आज परवचा नाही." ती उठेना. ते काही म्हणेनात. दोघं तशी समोरासमोर बसून राहिली, शेवटी मीच तिला जेवायला हाक मारली.

गप्प बसणं मामंजींना साधत नव्हतं. एके दिवशी दुपारी ते पाटाच्या काठावर तिच्या शेजारी जाऊन बसले. चांगला अर्धा तास काढला असेल. मग डबक्याकडे बोट करून म्हणाले, "सांग बरं, तो कोणता पक्षी?" चारू उठली आणि घरात निघून आली. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी काठावर शेणी थापत होते.

"सवय," ते म्हणाले.

"उद्या बघू," मी म्हटलं.

उद्या तेच झालं. परवाही. कधी ते तासभर टिकायचे, कधी बसल्या बसल्याच विचारून बसायचे. मग हात झटकत परत यायचे, आणि मला त्यांच्याकडे बघवत नसे. म्हातारपणी माणसाला आपण काय लावून दिलं आहे, असं वाटायचं. आणि चारू तरी कुठे सुधारत होती? परवचा बंद झाला म्हणून ती बोलायला लागली नाही. उलट अजूनच गप्प. परवचा होता तेव्हा निदान आपल्याला काय करायचं आहे हे तिला ठाऊक होतं. आता तेही गेलं. ती पडवीत नुसती बसायची. भांडी घासता घासता माझ्या मनात यायचं, उशीर झाला का? पहिल्या वेळी ती परत आली, दर वेळी येईलच असं कुठे आहे? शनिवार येऊन गेला. दोन्ही फ्रॉक धुतलेले होते, ते मी पेटीत ठेवून दिले.

चारू पुढे कितवीपर्यंत शिकली, काय झाली, हे लोक मला विचारतात. शिकली, तिला हवं तेवढं. पण ते या गोष्टीत नाही. ज्या दिवशी मी पडवीत जाऊन बोलले, त्या दिवशी मला ते काही माहीत नव्हतं, आणि नंतरचे कितीतरी दिवस मी चुकले असं समजूनच काढले.

पाटाला पाणी यायला अजून अवकाश होता. एका सकाळी मी विहिरीवर धुणं धुवत होते. सांडलेलं पाणी अंगणात पसरत होतं. मामंजी बसायचा लाकडी पाट घेऊन कडुनिंबाजवळ उन्हात बसले होते. चारू आली, काडी घेऊन उकिडवी बसली आणि सांडलेल्या पाण्याला तिने मातीत एक रेघ काढून दिली. पाणी रेघेतून निघालं. तिने रेघ पुढे नेली. एका ठिकाणी कौलाचा तुकडा आडवा लावला, पाणी तुंबलं. तुकडा काढला, पाणी सुटलं. पुन्हा लावला. खाली वाकून, गाल जवळजवळ मातीला टेकवून ती बघत होती.

मी पाणी ओतत राहिले. धुवायचं काही राहिलं नव्हतं.

मामंजी बघत होते. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आता विचारतात. पाणी खाली का जातं, सांग बरं. किती वेळात तुंबलं, सांग बरं. त्यांनी ओठ मिटले. दोन्ही हात मांड्यांखाली घातले, जसं लहान मुलं घालतात तसे, आणि बसून राहिले.

रेघ त्यांच्या पाटापर्यंत आली. पुढे जायला जागा नव्हती. पाणी पाटाच्या कडेला साचायला लागलं, त्यांच्या धोतराचा काठ भिजला. चारूने मान वर केली नाही.

"आबा," ती म्हणाली, "थोडं सरका."

मामंजी उठले. गुडघे दुखत होते, तरी वाकून पाट उचलला आणि हातभर मागे जाऊन बसले. चारूने काडी पुढे ओढली. पाणी त्यांच्या पायांजवळून वळलं आणि पुढे गेलं. तिने ते कुठवर जातं ते बघितलं, कपाळावर आलेले केस चिखलाच्या हाताने मागे सारले.

"अजून थोडं," ती म्हणाली.

ते अजून थोडे सरकले.